पाचवीच्या खिडक्या

सर : सही कुठे करायची तेवढं दाखव. माझा चष्मा बहुतेक या रद्दीबरोबर बांधला गेलाय. चौतीस वर्षांचं कपाट आवरायचं म्हणजे काय खायची गोष्ट आहे?

बाई : सही नंतर, सर. आधी ऐका. ऐकल्याशिवाय कुणाची सही घ्यायची नाही, हा पोरांचाच नियम आहे.

सर : अगं, शनिवारी निरोप समारंभात ऐकणारच आहे की. मला भेट म्हणून करताय आणि मलाच आधी उघडून दाखवताय?

बाई : ज्याचा ज्याचा आवाज आहे, त्याला त्याला विचारायचं असं ठरलंय. घंटा देणाऱ्या मामांची सही झाली. झाडूवाल्या मावशींचा अंगठा झाला. पंप दुरुस्त करायला आला होता त्यालासुद्धा गाठलं पोरांनी. तुम्ही तेवढे राहिलात.

सर : आठवी क ना? तुझ्याआधी तीन जणींनी हात टेकले त्या तुकडीपुढे.

बाई : तीच. पुस्तक काढा म्हटलं की डोकी बाकावर टाकायची. शेवटी मी त्यांच्या हातात रेकॉर्डर दिला. म्हटलं, शाळेतले आवाज गोळा करा. आठ मिनिटांची ध्वनिफीत. मध्ये निवेदन नाही, गाणं नाही, नुसते आवाज. चार महिने झाले सर, माझ्या तासाला एक पोर दांडी मारत नाही.

सर : दांडी कशाला मारतील? खेळणं मिळालंय. आम्ही खडू आणि फळ्यावर पोरं घडवली. आता यंत्र द्या, हेडफोन द्या, मग कुठं साहेबांचं लक्ष लागणार. चालायचंच. मी आता जुना झालो. लाव, लाव. कानात घालू हे? असं?

बाई : उलटं आहे. हं, आता. सगळी लावत नाही, तुमचा भाग आहे तेवढाच लावते. आधी बुटांचा आवाज येईल.

सर : येतोय. बारीक पावलं आहेत. थांबली. ...आणि हा मी! "आल्या का पाहुण्या? ...खिडक्या!" वा, वा. खणखणीत आलाय की आवाज. या वयातही घसा बघ कसा आहे. आणि या खिडक्या. खटाखट, खटाखट, सहाच्या सहा! जुन्या लोखंडी खिट्ट्या त्या, आवाज करणारच. पोरं हसतायत. छान आहे गं. जिवंत आहे. हेच तर आठवेल मला घरी बसल्यावर.

बाई : हा सोमवारचा. पुढे मंगळवारचा आहे.

सर : "आल्या का पाहुण्या?" ...हं. तेच.

बाई : बुधवारी पण तेच. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, आवाज जोडायचं-कापायचं काम तीच करते. पोरं तिला कात्री म्हणतात. तिनं हे तुकडे संगणकावर एकाखाली एक लावले. "पाहुण्या" आणि "खिडक्या" यांच्यामध्ये तुम्ही जेवढं थांबता ना, ते तिन्ही दिवस सारखं आहे. केसाचा फरक नाही.

सर : मग! तरुणपणी नाटकात कामं केलीत मी. कुठं थांबायचं ते कळलं की अर्धा हशा तिथंच वसूल.

बाई : हो. त्या थांबण्यातच हसायला सुरुवात होते.

सर : तुझा चेहरा असा का झालाय? चहा पी. निवतोय.

बाई : नको. सर, पाहुण्या कोण?

सर : कोण म्हणजे? पाचवीतलं पोर. दुसऱ्या तुकडीतून माझ्याकडे गणिताला येते, तिसऱ्या तासाला. मधूनच येते म्हणून पाहुणी. प्रेमानं म्हणतो मी.

बाई : आणि ती आली की खिडक्या का उघडायच्या?

सर : हवा खेळती नको?

बाई : पहिले दोन तास नको असते?

सर : हे बघ, तू मला उलटतपासणीला बसवू नकोस. तुला माहीत आहे ती कुठं राहते. कोंबडीच्या दुकानामागं. सकाळी बापाला कामात हातभार लावून मगच शाळेत येते. वास येतो. तुला येत नाही का?

बाई : येतो. काल मी तिच्याजवळ जाऊन बसले होते. ओल्या पिसांचा वास येतो.

सर : झालं तर! नाकाला काही शिष्टाचार शिकवता येत नाही. बाकीच्या चाळीस पोरांनी काय गुन्हा केलाय? आणि मी तिला काही बोललो का? नाव घेतलं? घाण म्हणालो? नुसतं म्हणालो, खिडक्या. दुसरा असता तर घरी पाठवली असती.

बाई : म्हणूनच इतकी वर्षं कुणी तुम्हाला धरू शकलं नाही. कुणी विचारलं तर तुम्ही काय म्हणालात? खिडक्या म्हणालो.

सर : शब्द जपून वापर.

बाई : चौथ्या दिवसाचं ऐकायचं राहिलंय, सर.

सर : मला नको ऐकायला.

बाई : गुरुवारचं आहे. त्यात तुम्ही बोलतच नाही. पावलं येतात, दाराशी थांबतात. कुणी काही म्हणत नाही. आणि आतून खिडक्या उघडायला लागतात. एक, दोन, तीन, सहाच्या सहा. मग हशा. मग पावलं परत सुरू होतात.

सर : बघ! मग यात माझा काय दोष? मी तोंड तरी उघडलं का?

बाई : तुम्हाला खरंच असं वाटतं?

सर : मला काय वाटतं ते सोड. ती स्वतः हसते. विचार तिला. दात काढून हसते. अशा पोरांची कातडी जाड असते, तुम्ही नव्या बायका उगाच त्यांच्या वतीनं रडत बसता. आणि एक विसरतेस. पहिल्या चाचणीत तिला शंभरात चौदा होते. आता साठ आहेत. कुणी आणले? माझ्या जेवणाच्या सुट्टीत बसवून अपूर्णांक शिकवलेत मी तिला. गणित आलं ना?

बाई : आलं.

सर : मग?

बाई : गणित आलं, सर. ते तुम्हीच शिकवलंत. ते मी नाकारत नाही. त्यामुळेच मला जास्त घाण वाटतंय.

सर : घाण! माझ्या तोंडावर घाण म्हणतेस? तुझी इथं नेमणूक व्हावी म्हणून मोठ्या बाईंकडे शब्द कुणी टाकला होता?

बाई : तुम्ही.

सर : आणि याच शाळेत, याच पाचवीत, तूही माझ्यापुढं बसत होतीस. तेव्हाही मी असाच होतो. तेव्हाही खिडक्या होत्या. काय वाकडं झालं तुझं?

बाई : माझं काहीच नाही झालं. तेव्हा ती कोण होती, आठवतं तुम्हाला?

सर : कोण ती?

बाई : आमच्या वर्गातली. पाहुणी.

सर : आता ते कसं आठवणार गं. दर वर्षी कुणी ना कुणी असतंच.

बाई : दर वर्षी?

सर : अशी बघू नकोस. म्हणजे, वर्ग चालवायचा तर चाळीस पोरांना एका दोरीनं बांधावं लागतं. सगळ्यांना एकदम हसवलं की वर्ग आपला होतो. तू अजून नवीन आहेस, तुला कळेल. तुझ्या त्या रेकॉर्डरनं नाही होणार ते. आणि हे चोरून घेतलेलं आहे, हे लक्षात ठेव. बाहेर व्हरांड्यात यंत्र लपवून!

बाई : लपवून नाही. पोरं तुम्हाला विचारायला आली होती. खिडक्यांचा आवाज हवाय, कट्ट्यावर रेकॉर्डर ठेवू का. तुम्ही म्हणालात, ठेवा रे, माझाही आवाज येऊ दे, तेवढीच आठवण.

सर : मग मला काय ठाऊक, तुम्ही त्याचा असा अर्थ काढाल! ऐक माझं. शनिवारी माझी बायको येणार आहे. मुलगी, जावई, नातू. नातू पाचवीतच आहे, तिकडं त्यांच्या शाळेत. आजोबा कसे शिकवत ते बघायला म्हणून मुद्दाम येतोय. काप तेवढं. कात्री आहे ना तुमच्याकडं? मग कापा. चिमण्यांचा आवाज घाला तिथं.

बाई : तुमची परवानगी नसेल तर ते निघेलच. नियम आहे. मी पोरांना नियम शिकवलाय आणि मी तो तुमच्यासाठी मोडणार नाही.

सर : नाहीच देत परवानगी.

बाई : ठीक. या कागदावर "नाही" लिहा आणि सही करा.

सर : "नाही"ला सही कशाला?

बाई : "हो"ला लागते, तशीच "नाही"लाही लागते.

सर : घे. झालं समाधान? आता हे मिटलं. शनिवारी तुझं भाषण आहे, लक्षात आहे ना? जुनी विद्यार्थिनी म्हणून तुलाच बोलायचंय. चांगलं बोल. ते मी फळ्यावर डोळे मिटून वर्तुळ काढायचो, ते जरूर सांग. लोकांना आवडतं.

बाई : लक्षात आहे. येते मी, सर. मला मोठ्या बाईंकडे जायचंय.

सर : त्यांना कशाला सांगतेस? माझे आता चार दिवस राहिलेत.

बाई : तिचे पण चारच तास राहिलेत. पण ते तिला रोज एकेक करून काढायचेत.

(संगणकखोलीत, तासाभरानंतर.)

कात्री : केली सही?

बाई : केली. "नाही" म्हणून.

कात्री : वाटलंच होतं मला! मी पैज लावली होती, कुणी घेतलीच नाही. आणि मोठ्या बाई? त्या काय म्हणाल्या?

बाई : दार लावून घेतलं. म्हणाल्या, ऐकायला वाईट वाटतंय खरं, पण चारच दिवसांचा प्रश्न आहे, माणूस सन्मानानं जाऊ दे. मग मला विचारलं, हे अजून कुणाकुणाला माहीत आहे?

कात्री : म्हणजे त्यांना तिचं नाही, आपलंच टेन्शन.

बाई : हो. पण एक गोष्ट भांडून घेतली. उद्यापासून तिसऱ्या तासाला पाचवीवर मी. सरांना समारंभाच्या तयारीसाठी मोकळं केलंय असं फळ्यावर लागेल. खोटं कारण आहे. पण खिडक्या उद्या उघडणार नाहीत.

कात्री : उघडतील, बाई. गुरुवारी सर कुठं बोलले होते?

बाई : मला माहीत आहे ते. म्हणून तर मी दाराबाहेर तिच्याबरोबर उभी राहून तिच्याबरोबरच आत जाणार. पुढचं पुढे. तू तिच्याकडे गेली होतीस ना? काय म्हणाली?

कात्री : मधल्या सुट्टीत गेले. नळापाशी हात धूत होती. धूत काय, घासतच होती. मी नियमाप्रमाणे सांगितलं, की बाबा असं असं रेकॉर्डिंग आहे, तुझी परवानगी हवी. सगळं ऐकवलं. हेडफोन घालताना ती जरा लांब सरकली, म्हणजे मला वास येऊ नये म्हणून. मी म्हटलं, ये गं जवळ. तर नको म्हणाली. ऐकलं तिनं. आणि मग म्हणते, यात माझा आवाज कुठंय? मला कशाला विचारता?

बाई : बरोबर आहे तिचं.

कात्री : काय बरोबर? मी म्हटलं, पावलं आहेत ना तुझी. तर ती म्हणाली, पावलांची कशाला परवानगी. बाई, गुरुवारी ती दाराशी का थांबली होती माहितीय? मुद्दाम. ती आता रोजच बाहेर थांबते. आधी खिडक्या होऊ देते, हसून होऊ देते, मग आत जाते. म्हणाली, तसं बरं पडतं, वेळ वाचतो. वेळ वाचतो म्हणाली!

बाई : बस जरा. पाणी पी.

कात्री : पाणी नको. मला शिसारी आलीय. सरांची पण, आणि माझी पण.

बाई : तुझी का?

कात्री : तुम्हाला सांगितलं नव्हतं. हा आवाज पहिल्यांदा मिळाला ना, तेव्हा आम्हाला जाम आवडला होता. ताल आहे त्याला. खट, खटाखट, मग हशा, परत खट. मी तेवढाच तुकडा सारखा फिरत ठेवला. आणि आम्ही सगळे त्याच्यावर नाचलो, बाई. इथंच, बाकं बाजूला करून. दोन दिवस तेच चाललं होतं. तो हशा कशाचा आहे ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तिसऱ्या दिवशी हेडफोनमधून ऐकलं आणि मला ती पावलं थांबलेली ऐकू आली.

बाई : तुला ऐकू आली. बाकी कुणाला इतक्या वर्षांत आली नाहीत.

कात्री : पण नाचलो ना.

बाई : हो. नाचलात.

कात्री : तुम्ही "असू दे" म्हणाल असं वाटलं होतं.

बाई : असू दे कसं म्हणू?

कात्री : ...गुरुवारचा तुकडा ठेवायचा का? त्यात सरांचा आवाजच नाही. म्हणजे त्यांची परवानगी लागतच नाही!

बाई : त्यात कुणाचा आवाज आहे?

कात्री : पाचवीच्या पोरांचा. हसण्याचा.

बाई : दहा-दहा वर्षांची पोरं. त्यांना ज्यानं शिकवलं तो पुढं खुर्चीवर हार घालून बसणार आणि हसणं ऐकू येणार फक्त त्यांचं. चालेल तुला?

कात्री : नाही चालणार. मग सरळच सांगते, आमचं आधीच ठरलंय. खिडक्या काढून द्यायची तर ध्वनिफीतच द्यायची नाही. सगळ्यांनी हात वर केले. तो मागच्या बाकावरचा झोपाळूसुद्धा. त्यानं तर पहाटे उठून टाकीचा आवाज आणला होता, तरी म्हणाला, नको द्यायला.

बाई : चार महिन्यांचं काम आहे.

कात्री : आहे ना. मला रडू येतंय त्याचं. पण चिमण्या घालून ते लावायचं आणि वर टाळ्या घ्यायच्या? शी! तोंड कुठं लपवायचं मग?

बाई : कार्यक्रमात आपली आठ मिनिटं आहेत. छापून झालंय.

कात्री : मोकळी राहू देत. बसू दे सगळ्यांना गप्प.

बाई : गप्प बसण्यानं सरांचं काही अडत नाही. आजवर सगळे गप्पच बसलेत. रेकॉर्डर चार्ज केलेला आहे?

कात्री : हो. कशाला?

बाई : मी बोलते. माझा आवाज आहे, माझी परवानगी. परवानगीचा कागद दे, आधी सही करते.

कात्री : सरांबद्दल बोलणार? मोठ्या बाई तुम्हाला काढून टाकतील!

बाई : सरांचं नाव घेणार नाही. कुणाचंच घेणार नाही. जुनी विद्यार्थिनी म्हणून दोन शब्द बोलायला मला सांगितलंय, तेच बोलणार. फक्त माझ्याबद्दल बोलणार.

कात्री : पण लोकांना कळेल.

बाई : ज्यांनी खिडक्या उघडल्यात त्यांना कळेल. बाकीच्यांना ही बाई काय भलतंच बोलली असं वाटेल. वाटू दे.

कात्री : आणि सरांचा नातू येणार आहे ना?

बाई : त्याला सर फळ्यावर डोळे मिटून वर्तुळ काढायचे, हेही सांगीन. ते खरंच आहे. अजून कुणाला तसं जमत नाही.

कात्री : तुम्हाला सरांचा राग येत नाही का, बाई?

बाई : रागाचं सोपं असतं गं. ओरडलं की उतरतो. हे तोंडात राहिलंय, मघापासून. थुंकलं तरी जात नाही. कारण यातलं अर्धं माझंच आहे.

कात्री : म्हणजे?

बाई : दाब ते बटण. नाहीतर मला नाही जमायचं.

कात्री : पंखा बंद करते. त्याचा आवाज येतो. ...हां. माईक थोडा जवळ घ्या. लाल दिवा लागला की सुरू करा. लागला.

बाई : मी पाचवीत होते तेव्हा माझी जागा दुसऱ्या बाकावर, खिडकीशी होती. मी हुशार होते. पाढे सगळ्यात आधी म्हणून दाखवायचे. आमच्या वर्गात एक मुलगी उशिरा यायची. तिचे कपडे दमट असायचे, कारण तिच्याकडे एकच जोड होता आणि तो रात्री धुऊन सकाळी घालायची. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की ती आली की खिडकी उघडायची. कुणी सांगायच्या आधीच माझा हात खिट्टीवर असायचा. सगळ्यात पहिली खिडकी माझी उघडायची. मग मागे वळून बघायचे, आणि मला शाबासकी मिळायची. मला ती फार आवडायची. घरी जाऊन आईला सांगायचे, आज पण मला शाबास म्हणाले. कशाबद्दल, ते मात्र कधी सांगितलं नाही. म्हणजे मला कळत होतं. दहा वर्षांच्या मुलीला सगळं कळतं...

कात्री : बाई. थांबवू का? थोडं थांबून घेऊ या हवं तर.

बाई : नको. चालू दे. ती अजून दारातच उभी आहे.